दार हळू लावा

डॉक्टरांच्या दवाखान्यावर त्यांच्या नावाची पाटी होती, पण एक खिळा निसटून ती अशी लोंबत होती की वाचायची तर मान वाकडी करावी लागे. दारावर मात्र तेलरंगानं ठळक लिहिलेलं होतं: दार हळू लावा. वाशिमात नव्यानं आलेल्या माणसाला सायकलरिक्षावाला विचारी, "कोनते डाक्टर? दार हळू लावा?" आणि बरोबर आणून सोडी.

मी तिथल्या एका शाळेत नुकतीच लागले होते. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. घरातलीच काय, इंझोरीतल्या आमच्या अख्ख्या वस्तीत बी.ए. झालेली पहिली मुलगी. याचा मला गर्व होता आणि आजही आहे. खोली पाहायला गेले की घरमालक आधी नाव विचारत, मग आडनाव, आणि आडनाव ऐकलं की खोली कालच कोणाला तरी दिलेली असे. डॉक्टरांच्या मागच्या अंगाची खोली रिकामी आहे असं शिपायानं सांगितलं म्हणून गेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि एकच विचारलं.

"दार आपटता?"

"नाही."

"राग आला तरी?"

"माझा राग तोंडानं निघतो. दारावर नाही."

"मंग घ्या किल्ली."

आडनाव त्यांनी विचारलं ते पुष्कळ दिवसांनी, माझ्या नावानं कोणी आलं तर काय सांगायचं म्हणून. ऐकलं, मान हलवली आणि विसरून गेले. शेवटपर्यंत मी त्यांची 'मास्तरीणबाई'च राहिले.

दाराचं कारण मला नंतर कळलं. आतल्या भिंतीला लागून एक टेबल होतं, त्यावर लाकडी घोडी आणि घोडीत उभी बारीक काचेची नळी, अंगावर रेघा आखलेली. रक्त गोठू नये म्हणून त्यात औषध मिसळायचं, ते या नळीत भरायचं आणि तासभर नळी सरळ उभी ठेवायची. लाल भाग हळूहळू खाली बसतो, वर पिवळसर पाणी उरतं. तासात लाल किती खाली उतरलं, तो आकडा. अंगात कुठे सूज असेल, जळजळ असेल, तर लाल भरभर उतरतं. पण नळी जराशी कलली किंवा टेबल हादरलं तरीही ते भरभर उतरतं आणि धडधाकट माणूस कागदावर आजारी होतो. म्हणून डॉक्टरांनी नळीशेजारी गवंड्याचा ओळंबा टांगला होता. एक डोळा मिटून ते ओळंब्याची दोरी आणि नळी जुळवून पाहत, घोडीखाली पोस्टकार्डाचा तुकडा सारत, पुन्हा पाहत. एका म्हातारीनं तो ओळंबा देव समजून त्याला हळदकुंकू लावलं. डॉक्टरांनी पुसलं नाही. म्हणाले, "राहू द्या. वजन तं नाई वाढलं त्याचं."

नळी लागली की सगळ्यांनी चूप बसायचं. बाकाला टेकून पाय हलवले तरी ते ओरडत. रस्त्यावरून सरकीचा ट्रक गेला तर अर्धी तपासणी टाकून बाहेर धावत आणि ट्रक दिसेनासा होईपर्यंत ड्रायव्हरच्या खानदानाची विचारपूस करत. उन्हाळ्यात खोली तापली की आकडा आपसूक चढतो, म्हणून नळीच्या बाजूच्या खिडकीला ओली गोणपाटं. स्वतःच्या खुर्चीमागची खिडकी उघडी, आणि ते घामानं निथळत बसलेले.

दुसरी खोड अशी की कोणी बाहेरून तपासणीचा कागद आणला तर ते तो वाचत नसत. खुर्चीवरची गादी उचलून कागद तिच्याखाली घालत आणि वर बसत. पेशंट घाबरून म्हणे, "साहेब, पैसे देऊन आनला जी."

"पळून नाई जात तो. पहिले तू बोल. कागदाले मधात बोलाची लय सवय हाये."

आणि सांध्याचं दुखणं घेऊन आलेल्या बाईला ते कधीही 'किती वाजेपर्यंत दुखते' असं विचारत नसत. कोणाच्या घरी घड्याळ होतं? ते विचारत, "मूठ कवा वळते? सडा टाकतानी, भाकर थापतानी, का वावरात गेल्यावर?" सड्यापर्यंत आखडलेली बोटं म्हणजे फारसं काही नाही. वावरापर्यंत आखडलेली म्हणजे डॉक्टर खुर्ची पुढे ओढत. केसपेपरवरही तेच लिहीत, मराठीत: 'भाकरीपर्यंत'. 'वावरापर्यंत'.

भिंतीवर डिग्री नव्हती, देवही नव्हता. काचेच्या चौकटीत एक टाइप केलेला इंग्रजी कागद होता. खेड्यातली माणसं त्यालाच डिग्री समजून हात जोडत. मी वाचला. डॉक्टरांचंच नाव, आणि खाली, आर. ए. फॅक्टर: पॉझिटिव्ह.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"संधिवाताची तपासनी. त्या रोगात रक्तात एक पदार्थ सापडते, तो माह्यात हाये."

"मग तुम्हाला..."

"भिंतीवर काहीतरी पाहिजे ना. नाहीतर पाली बसतात."

त्या दिवसापासून मी चोरून त्यांच्या बोटांकडे पाहू लागले. साठी उलटलेला माणूस, पण बोटं सरळ. शर्टाची बटणं स्वतः लावायचे, तुटलं तर स्वतःच शिवायचे, आणि सुईत दोरा पहिल्याच खेपेला. मला काही उमगेना. विचारलं तर पालीच सांगणार.

मग अक्काचं झालं.

अक्का माझी मोठी बहीण, रिठदला दिलेली. दिवाळी झाली होती, कापसाची वेचणी जोरात होती. शाळा सुटायच्या वेळेला भाऊजी फाटकाशी उभे दिसले. एकटे. खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"वाचा. तुमी तं बी.ए. झाल्या."

अकोल्याच्या एका डॉक्टरकडे अक्काला नेऊन त्यांनी रक्त तपासून आणलं होतं. आर. ए. फॅक्टर: निगेटिव्ह.

"नाही, असं लिहिलं आहे," मी म्हटलं.

"रिठदच्या मास्तरनबी हेच सांगतलं. अकोल्याच्या डॉक्टरनं हात पाह्यले, म्हने काही दिसत नाई. मंग तुमची अक्का सकायी गोधडीतून हात काहून बाहीर काढत नाई?"

"दुखतं म्हणून."

"अन् दुपारी? दुपारी तं वेचते ना! चार बायांच्या बरोबरीनं वेचते. सकायीच बरं दुखते, कामाच्या वक्ताले?" त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटली. "मी तिले मारली नाई, उपाशी ठेवली नाई. पन ढोंग नाई चालत माह्या घरी. रविवारी इंझोरीले आनून सोडतो. तुमचा बा अन् चार मानसं बसा, आमीबी बसतो. काय ते होऊन जाऊ द्या."

चार माणसं बसली की काय होतं ते मला माहीत होतं. आमच्या वस्तीत अशा बैठकीनंतर माहेरी राहिलेल्या बाया मी पाहिल्या होत्या. त्यांचे नवरे दुसरी आणून सुखानं नांदत होते, आणि या बाया भावांच्या घरी ताट वाढायची वाट पाहत होत्या.

"रविवारच्या आधी तिला माझ्याकडे आणा," मी म्हटलं. "तुमच्या आईला, तुमच्या आईला, मावशींनाही आणा. मग करा काय करायचं ते."

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते ओळंब्याची गाठ पक्की करत होते. वळले नाहीत.

"अकोल्याले पोहोचली किती वाजता?"

"दुपारी. सकाळच्या गाडीनं गेले तर दुपारच होते."

"आंघोळ करून?"

"डॉक्टरकडे पारोशी कोण जाईल?"

"ऊन पान्यानं?"

"मावशींनी तापवून दिलं असेल. थंडीच आहे तशी."

"हं." गाठ मारून झाली. "म्हनजे दुखनं धुऊन पुसून नेलं. मुक्कामी आना तिले. सकायी उठली का तशीच पाह्यजे मले. आंघोळ नाई, ऊन पानी नाई, चहाचा गिलासबी हाती धरू द्याचा नाई. अन् नवरा, सासू दोघंबी समोर पाह्यजे."

शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं तिघं आली. अक्का हसतच उतरली. खोलीत आल्या आल्या तिनं माझ्या हातातून परात घेतली आणि कणीक मळायला बसली. मावशी दाराशी बसून पाहत होत्या.

"पाह्य वं मास्तरीन, कशी चालून राह्यली बोटं," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा होता, पण काहीतरी दुसरंही होतं, ते मला तेव्हा ओळखू आलं नाही. उद्याही ही बोटं अशीच चालली तर? इथे आली, माहेरच्या माणसाच्या घरी झोपली, म्हणून बोटं मोकळी झाली तर? आपल्या बहिणीची बोटं उद्या दुखावीत अशी मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते.

सकाळी उजाडता उजाडता अक्का उठून बसली. हात छातीशी धरलेले, जणू काही ते दुसऱ्या कोणाचे होते आणि तिनं सांभाळायला घेतले होते.

"मले थोडं ऊन पानी दे वं," ती हळूच म्हणाली. "हात शेकून घेतो. मंग जाऊ."

"नाही, अक्का."

"लाज जाते माही. वेनी नाई, काही नाई. अशीच नेतं काय?"

मावशींनी तर चूल पेटवून पातेलं ठेवलंही होतं. "पारोशीच नेता काय पोरीले डाक्टरपुढं? लोक काय म्हनतीन? दे ते पानी इकडे."

मी चुलीपुढे आडवी उभी राहिले. अक्का माझ्याकडे पाहत होती. मी लहान असताना तिनं मला कडेवर घेऊन विहिरीवरून आणलं होतं, आणि आज मी तिला तांब्याभर पाणी देत नव्हते. तिनं दुसऱ्यांदा मागितलं असतं तर मी दिलं असतं. तिनं मागितलं नाही.

डॉक्टर तयारच बसले होते. भाऊजींनी आत येताच कागद पुढे केला. डॉक्टरांनी गादी उचलली, कागद खाली घातला आणि वर बसले.

"अहो, पाहा ना पहिले!"

"बसा."

त्यांनी अक्काचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. तळव्याजवळच्या सांध्यांवर दोन्ही बाजूंनी अंगठा ठेवला आणि नुसता टेकवल्यासारखा दाबला. अक्कानं डोळे मिटले. मग मधली पेरं. मग शेवटची पेरं. तिथे तिला काहीच झालं नाही. दुसऱ्या हातालाही तेच, त्याच जागी, तितकंच.

"मूठ कवा वळते, बाई? सडा टाकतानी?"

"नाई जी."

"भाकर थापतानी?"

अक्कानं सासूकडे पाहिलं.

"भाकर कोन थापते घरी?"

"म्या थापतो," मावशी म्हणाल्या, जमिनीकडे पाहत.

भाऊजींनी मान वळवली. "कवापासून?"

"पोयाच्या सनापासून. तू झोपला राह्यतं तवा. तुले गरम भाकर भेटल्याशी मतलब."

"मंग मूठ वळते कवा?" डॉक्टरांनी अक्कालाच विचारलं.

"वावरात गेल्यावर. उनं अंगावर आली का, जराशी."

डॉक्टरांनी लिहिलं: 'वावरापर्यंत'. मग खुर्ची पुढे ओढली.

त्यांनी तिची छाती तपासली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, पाळी विचारली. रक्त घेतलं. नळी भरली, घोडीत लावली, एक डोळा मिटून ओळंब्याशी जुळवली. "आता कोनी हलाचं नाई."

आम्ही बसलो. वर बारीकसा पिवळा पट्टा दिसू लागला. भाऊजींचा जीव त्या बाकावर मावत नव्हता. शेवटी दबक्या आवाजात ते म्हणाले, "नळी राहू द्या. अकोल्याचा कागद काय म्हनते? काहीच नाई म्हनते ना?"

डॉक्टर उठले. भिंतीवरची चौकट काढली, गादीखालचा कागद काढला आणि दोन्ही भाऊजींच्या मांडीवर ठेवले. नावांवर अंगठे दाबून धरले.

"या दोघातला रोगी कोनता?"

भाऊजींना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाचलं: "हा पॉझिटिव्ह. हा निगेटिव्ह."

"मंग हा," भाऊजींनी चौकटीवर बोट ठेवलं. "हा रोगी."

डॉक्टरांनी अंगठा काढला. "हा मी." आणि आपल्या दोन्ही मुठी त्यांच्या नाकासमोर धरून वळल्या, उघडल्या, वळल्या. "सकायी उठल्याबरोबर वळते. सड्याच्याबी पहिले."

"मंग तुमचा कागद खोटा."

"कागद खरा हाये. रक्तात ते हाये, मले रोग नाई. कित्येक म्हाताऱ्यायमधे निंघते ते."

"अन् हिचा?"

"हिचाबी खरा. हिच्या रक्तात ते नाई. पन हिले रोग हाये. काही लोकायमधे वर्साभरानं निंघते, काहीमधे जनमभर नाई निंघत. बोटं तवरी वाकडी होऊन जातात."

"मंग हे कागद करता कायले?"

पहिल्यांदाच डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काहीतरी आलं. "हे बरं विचारलं. हातासंग ठेवून वाचासाठी. एकटा कागद वाचला का तो काहीही सांगते. धरा तिचा हात."

भाऊजी हलले नाहीत.

"धरा म्हनतो. दाबू नका, नुसता धरा."

त्यांनी अक्काचा हात हातात घेतला. किती दिवसांनी घेतला असेल, कोण जाणे. तो हात सुजून जड झालेला होता आणि त्या थंडीतही गरम होता. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. हात त्यांनी सोडला नाही.

"बरी होईन का?"

"बोटं वाचवाची कोशिश करू. गोळ्या लय दिवस खा लागतीन, पोट भरून जेवल्यावर. ऊन पान्यात हात शेकाचे. सूज असली का वेचनी बंद."

"म्या विचारलं, बरी होईन का?"

"पहिल्यासारखी होईन असं मी नाई सांगत. मी खोटं बोललो तं तुमी मले पुढच्या वेचनीले पकडसान."

भाऊजी ताडकन उठले. बाक सरकला. अक्काचा हात तसाच हवेत राहिला. ते दाराकडे निघाले आणि मावशी पुटपुटल्या, "गेला. आता नाई ऐकत कोनाचं." मला रविवार दिसू लागला, आमचं अंगण, खाली मान घालून बसलेला बा. आम्ही सगळे एकदम नळीकडे पाहू लागलो, डॉक्टरसुद्धा. दार उघडलं. थंड हवा आत आली.

बाहेर गेल्यावर भाऊजींनी दार दोन्ही हातांनी धरलं आणि इतकं हळू लावलं की कडीचा आवाजही आला नाही. ओळंबा हलला नाही.

तास भरला तेव्हा लाल पार खाली, ऐंशीच्याही पुढे गेलं होतं. डॉक्टरांनी दार उघडून भाऊजींना आत बोलावलं; भाऊजींचे डोळे पुसलेले होते. त्यांना नळीसमोर उभं करून डॉक्टर म्हणाले, "हे फक्त येवढं सांगते का अंगात आग हाये. कायची, ते नाई सांगत. टीबीत वाढते, रक्त कमी असलं तं वाढते, पोटुशी बाईचं वाढते. म्हनून मी बाकी सारं पाह्यलं. रक्त हिचं जरासं कमी हाये, पन तेवढ्यानं येवढं नाई उतरत. हात, मूठ, अन् हे. तिन्ही एकच बोलून राह्यले."

मग माझ्याकडे वळून ते खेकसले, "मास्तरीणबाई, उभ्या काय राह्यल्या? ऊन पानी आना. भरपूर!"

मला जावंच लागलं नाही. मावशींनी पातेलं चुलीवरून उतरवलंच नव्हतं. त्यांनी स्वतः आणलं, घमेल्यात ओतलं, बोट घालून पाहिलं आणि अक्काचे हात धरून त्यात बुडवले.

रविवारची बैठक झाली नाही. भाऊजींनी काही कबूल केलं नाही, माफीबिफी मागितली नाही. तसल्या गोष्टी आमच्याकडे होत नाहीत. पण वेचणीला त्या साली त्यांनी चुलतभावाच्या घरच्या बाया बोलावल्या, आणि दर महिन्या दोन महिन्यांनी संध्याकाळच्या गाडीनं अक्काला मुक्कामी आणू लागले. पारोशी दाखवायला. एकदा आकडा बराच कमी आला तेव्हा त्यांनी बाजारातून जिलबी आणली. डॉक्टरांनी ती खाल्ली आणि खाता खाता झापलं, "आकडा कमी आला म्हनून कायले नाचता? मूठ विचारा तिची, मूठ." त्या वेळी मूठ अजून भाकरीपर्यंतच होती. डाव्या हाताची दोन बोटं जरा बाजूला कलली, ती कललीच.

मग वैशाख आला. खिडकीला ओली गोणपाटं, नळी घोडीत लावलेली, आम्ही सगळे श्वास धरून बसलेले. डॉक्टरांनी नेहमीचं विचारलं.

"मूठ कवा वळते?"

"सडा टाकतानी," अक्का म्हणाली.

"नीट सांग. भाकर कोन थापते?"

"थेच थापते," मावशी फणकारल्या. "मले परातीले हात नाई लावू देत. म्हनते, तुमच्या भाकरी जाड होतात."

डॉक्टरांनी पेन उचललं. लिहिलं काहीच नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि एकाएकी उठून तरातरा बाहेर गेले. त्यांच्यामागे दार असं धाडकन आपटलं की भिंतीवरची चौकट वाकडी झाली आणि ओळंबा घड्याळाच्या लंबकासारखा हेलकावे खाऊ लागला.

"वारा आला!" बाहेरून त्यांचा आवाज.

खिडकीबाहेर निंबाचं पानही हलत नव्हतं. मावशी झुलणाऱ्या ओळंब्याकडे पाहून म्हणाल्या, "आता हे नळी परत भरा लागन."